घडीतलं पाणी

३ मार्च

आजवर स्वतःच्या हातांनी केलेल्या वस्तू, आठवतील तशा:

स्वयंपाकघरातली मांडणी. खिळा एकही नाही, सगळे सांधे खाचेत बसवलेले.

मुलीचा पाळणा. तिच्यानंतर इमारतीतल्या चार घरांत फिरला, कुठेही कुरकुरला नाही.

बाल्कनीत कपडे वर ओढून घ्यायची दोरी-कप्पी.

दादाच्या छापखान्यातल्या कागद कापायच्या यंत्राची मूठ. मूळ मुठीपेक्षा बरी होती, हे दादाने कधी कबूल केलं नाही.

एक रेडिओ. लागतो. एकच स्टेशन लागतं, पण लागतो.

जुन्या लिफ्टच्या सरकत्या जाळीच्या पट्ट्या. कारखान्याने बनवायच्या बंद केल्या, तेव्हा कानशीने घासून केल्या. अजून चालतात.

आणि घडी.

शेवटची वस्तू हातात धरता येत नाही म्हणून आमची ही तिला वस्तू मानत नाही. "कपडे वाळतात का तिच्यावर?" असं विचारते. ही वहीसुद्धा तिनेच आणून दिली. म्हणाली, "रोज जेवताना मला ऐकवता ते यात लिहा, म्हणजे मला जेवता येईल."

तर घडी. हा संगणकाचा प्रोग्राम आहे. लांबलचक मजकूर त्याच्या हवाली करायचा, तो त्याचं वेबपान करून देतो. पानावर फक्त मथळे दिसतात. मथळ्यावर बोट ठेवलं की त्याखालचा मजकूर उलगडतो, पुन्हा ठेवलं की मिटतो. वाचणाऱ्याला हवं तेवढंच समोर. कुणालाही फुकट. उतरवून घ्या, वापरा, दुरुस्त केलंत तर मला सांगा.

मी लिफ्ट मेकॅनिक. कॉलेजची पायरी चढलो ती तिथली लिफ्ट बंद होती म्हणून. प्रोग्रामिंग शिकलो ते रद्दीतल्या पुस्तकांवरून, आणि चुका करून. घडीची कल्पना जाळीच्या दारावरून सुचली. ओढलं की पसरतं, सोडलं की मिटतं. आणि लिफ्टचा पहिला नियम मी घडीत तसाच ठेवला: एका वेळी एकच दार उघडं. दुसरा मथळा उघडला की पहिला आपोआप मिटतो. लोक तक्रार करतात. करोत. दोन मजल्यांवर एकदम दार उघडणारी लिफ्ट मी कधी चालू ठेवली नाही.

५ मार्च

दादा अजून दवाखान्यातच. हृदयाचा पंप अशक्त झालाय असं डॉक्टर म्हणतात. पंप म्हटल्यावर मी चार प्रश्न विचारले, तर डॉक्टरांनी घड्याळ पाहिलं.

वॉर्डातल्या सिस्टर मात्र कामाच्या बाई. तिथली लिफ्ट मीच बघतो, त्यामुळे ओळख जुनी. घरी गेल्यावर पेशंटची काळजी कशी घ्यायची याची त्यांनी मोठी माहिती लिहून ठेवली आहे, आणि ती कुणी वाचत नाही म्हणून त्या हैराण. मी म्हटलं, द्या इकडे.

जेवणाच्या सुट्टीत त्यांच्या टेबलावर बसून घडीत घातली. पसाऱ्याचे पाच मथळे केले: पाणी. मीठ. गोळ्या. वजन. चालणं. बाकी सगळं आत.

सिस्टर म्हणाल्या, "काका, 'पाणी मोजून' असं वरच लिहू या का?"

मी म्हटलं, "वर एकच शब्द. उत्सुकता वाटली पाहिजे, तरच माणूस दार उघडतो."

"तुम्हाला बरोबर वाटत असेल तर ठेवा," म्हणाल्या, आणि बेल वाजली म्हणून गेल्या.

पान देखणं झालंय. पाच शब्द, भोवती मोकळी जागा. दादाला मोबाइलवर दाखवलं. तो म्हणाला, "एवढ्याशा मजकुराला एवढा कागद? माझ्या छापखान्यात गिऱ्हाइकाने असं मागितलं असतं तर त्याला पाणी पाजून परत पाठवला असता." कागद नाहीच हा, असं तिसऱ्यांदा समजावलं. छापखाना बंद करून इतकी वर्षं झाली, तरी याच्या डोक्यातली शाई वाळत नाही.

११ मार्च

लांबच्या कुठल्यातरी गावातल्या ग्रंथपाल बाईंचं ई-मेलने पत्र आलं. त्या वाचनालयाची माहिती घडीत ठेवतात. तक्रार अशी, की पान छापलं तर नुसते मथळे छापले जातात, मिटलेला मजकूर येतच नाही. आमच्याकडे वयस्कर सभासद बरेच आहेत, ते कागद मागतात, काही करता येईल का.

करता येईल. पण का करायचं? उघडता-मिटता येणं हाच घडीचा प्राण. कागदावर काय उघडणार? मी उत्तर लिहिलं: "घडी ही पडद्यासाठी आहे. छापायचं असेल तर पुस्तक काढावं." हिला वाचून दाखवलं.

ही म्हणाली, "पाठवलंत?"

"पाठवलं."

"मग मला कशाला दाखवता," म्हणाली आणि भाजी चिरू लागली.

१४ मार्च

दादा काल घरी आला. सिस्टर रजेवर होत्या. सोडताना जो कोणी ड्यूटीवर होता त्याने वहिनींना गोळ्यांची पिशवी दिली, पानाचा पत्ता दिला, आणि "सगळं यात आहे" एवढं सांगितलं. म्हणजे माझ्या पानावर विसंबूनच दवाखाना चाललाय.

आज वहिनींचा फोन. "भाऊजी, तुमचं ते पान खालच्या दुकानातून कागदावर काढून आणलं हो. काय सुटसुटीत केलंय! मला वाटलं होतं चार-पाच कागद होतील. एकातच मावलं, वर जागा उरली. एवढंच आहे म्हटल्यावर माझा जीव भांड्यात पडला."

कागदावर काढलं हे ऐकून जरा राग आला. त्या घरात सगळे दादाच्याच वळणाचे. पण सुटसुटीत म्हणाल्या. संगणकाला कधी हात न लावलेल्या बाईने म्हणावं, याच्याहून मोठं प्रशस्तिपत्र कुठलं?

१७ मार्च

मोठी बातमी. एका कंपनीचा माणूस भेटायला आला. मी मोटरच्या खोलीत ग्रीस लावत होतो, तो बूट वाचवत वाचवत आत आला. कडक इस्त्री. मी मनात त्याचं नाव इस्त्रीवाला ठेवलं.

"सर, घडी तुम्ही एकट्याने बनवली?"

"दुसरं कोण दिसतंय इथे?"

त्यांना घडी विकत हवी आहे. सगळे हक्क. त्यांची मोठी गिऱ्हाइकं आहेत, बँका, विमावाले, ज्यांना अटी घडीत घालून ठेवायला आवडतात. तो "सर" म्हणत राहिला, आणि मला ते आवडलं, हे इथे लिहून ठेवतो. आकडा त्याने बोलून दाखवला नाही, स्वतःच्या कार्डामागे लिहून दिला. मी कार्ड दोनदा वाचलं आणि विचार करून सांगतो म्हटलं. त्याच्या कार्डाला ग्रीस लागलं.

घरी हिला सांगितलं. तिने कार्ड उलटून आकडा वाचला. मग गुडघ्यावर हात ठेवून म्हणाली, "तळमजल्यावर घर घेता येईल."

आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. इमारतीला लिफ्ट नाही. याच्यावर जे विनोद व्हायचे ते सगळे होऊन गेले आहेत.

१९ मार्च

दादाकडे जाऊन आलो. त्याची तब्येत झकास दिसते, चेहरा भरलाय. वहिनी म्हणाल्या, "वजन वाढतंय हो. आठवड्यात चांगलं तीन-साडेतीन किलो. पानात आहेच ना वजनाचं, मी रोज करते." सेवा म्हणजे काय ते वहिनींकडून शिकावं. मी बसलो तेवढ्या वेळात दोनदा तांब्या भरून आणला, आणि दादाने तोंड वाकडं केलं तरी पेला संपेपर्यंत समोर उभ्या राहिल्या. "मिठाचं मला ठाऊक होतं," म्हणाल्या, "पण पाणी पहिलंच लिहिलंय म्हटल्यावर म्हटलं, हयगय नको."

नव्या चपला पायात जात नाहीत अशी दादाची कुरकुर. हल्ली चामडं खराब येतं, पाणी लागलं की आकसतं. मी त्याला तेल लावायला सांगितलं. रात्री बिछान्यावर आडवं झालं की घुसमटल्यासारखं होतं, म्हणून खुर्चीतच झोपतो. दवाखान्यातला उंच पलंग अंगवळणी पडलाय. मी उशीखाली लावायला लाकडी उतार करून देतो म्हटलं, माप घेऊन आलो.

पान छापून फ्रीजवर डकवलंय. मी मुद्दामच तिकडे पाहिलं नाही. दादाने पाहिलं की मी पाहत नाही. "ये, बघून तरी जा," म्हणाला. "तुझी वस्तू शेवटी माझ्याच धंद्यात आली." आणि हसता हसता त्याला धाप लागली.

कंपनीचा विचार सांगितला. म्हणाला, "घे पैसे, धाकट्या. सगळ्यांना फुकट वाटून काय मिळालं तुला? आभाराची दोन पत्रं." मी म्हटलं, पत्रं दोनापेक्षा जास्त आहेत.

२० मार्च

उताराचं लाकूड कापलं. कड गोल केली.

२२ मार्च

दादाला परत नेलं. पहाटे श्वास घेता येईना. ऑक्सिजन लावलाय. मी लाकडाला पॉलिश करत होतो तेव्हा वहिनींचा फोन आला.

२३ मार्च

लिहायचं नव्हतं. ही म्हणाली, आजच लिहा.

सिस्टर कामावर परतल्या आहेत. त्यांनी वहिनींना बाजूला घेऊन विचारलं, "पाणी किती देत होतात?"

वहिनी म्हणाल्या, "भरपूर. अगदी मागे लागून. कागदावर पहिलंच होतं ना."

"कुठला कागद?"

वहिनींनी पर्समधून घडी घातलेला कागद काढला. येताना फ्रीजवरून काढून सोबत घेतला होता, डॉक्टरांना दाखवायला की सगळं नीट केलंय. सिस्टरनी तो उलगडला. मी त्यांच्या खांद्यावरून पाहिलं.

पाणी. मीठ. गोळ्या. वजन. चालणं.

खाली काही नाही. मागची बाजू कोरी.

आत जे होतं ते मला पाठ आहे, मीच घातलं होतं. पाणी: दिवसभरात दीड लिटरच्या वर नको, चहा-दूध-सूप सगळं त्यातच धरून. वजन: एक-दोन दिवसांत दोन किलो वाढलं, तर अंगात पाणी साठतंय, लगेच कळवा.

सिस्टर कागदाकडे पाहत राहिल्या. माझ्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर बरं वाटलं असतं. वहिनी म्हणाल्या, "म्हणजे मीच... मीच पाजलं त्यांना?" सिस्टर म्हणाल्या, "नाही हो मावशी, असं नाही," आणि त्यांना धरून खुर्चीत बसवलं.

मी तिथून निघालो. घरी येईपर्यंत मनात खटला चालवला. मोबाइलवर बघितलं असतं तर उघडलं असतं. पाच शब्दांत दुखण्याची काळजी मावते का, एवढा तरी विचार करायचा. दुकानदाराने सांगायला हवं होतं. ड्यूटीवरच्या माणसाने उघडून दाखवायला हवं होतं. जिने चढताना सगळे दोषी ठरवून झाले. हिने दार उघडलं. मी खटला तिला ऐकवला. तिने ऐकून घेतला.

मग म्हणाली, "त्या ग्रंथपाल बाईंनी हेच कळवलं होतं ना?"

२४ मार्च

कामावर गेलो नाही. छापायचा हुकूम आला की सगळ्या घड्या आधी उघडायच्या, मग छापायचं. बदल इतका छोटा, की करून झाल्यावर मी तो पुन्हा पुन्हा वाचला, काही राहिलं तर नाही ना म्हणून. राहिलं नव्हतं. चहा थंड व्हायच्या आत काम संपलं होतं.

खालच्या दुकानात जाऊन छापून पाहिलं. चार कागद. सगळा मजकूर.

आणि एका वेळी एकच दार हा नियम काढून टाकला. लिफ्टच्या दारापलीकडे खोल खड्डा असतो, म्हणून तो नियम. पानात खड्डा नसतो. बाई शेगडीपाशी उभी राहून वाचते, तिला पाणीही दिसायला हवं आणि गोळ्याही.

मग सिस्टरकडे गेलो. पान दोघांनी मिळून पुन्हा केलं. काय मिटायचं आणि काय उघडं ठेवायचं हे त्या सांगणार, मी घालणार. "पाणी: दिवसाला दीड लिटरच, सगळं धरून" हे आता मथळ्यातच आहे. पान पूर्वीसारखं देखणं राहिलं नाही, गर्दी झाली. मी एकदाच म्हटलं, "जरा दाटी होतेय." सिस्टर म्हणाल्या, "होऊ दे, काका." मी होऊ दिली.

२६ मार्च

दादाचं पाणी उतरतंय. ऑक्सिजन काढला. घोटे दिसू लागले.

वहिनी वॉर्डाबाहेर बाकावर बसून असतात. आत जात नाहीत, गेल्या तर तांब्याला हात लावत नाहीत. सिस्टर पाणी पाजायला सांगतात तर म्हणतात, "तुम्हीच पाजा हो." कालपासून जेवल्या नाहीत असं ही म्हणाली. माझ्याकडे बघून म्हणाली.

मी त्यांना आत घेऊन गेलो, दादाच्या पलंगाशी. म्हटलं, "वहिनी, एक समजावून सांगतो. पान पडद्यावर असतं तेव्हा मिटलेला मजकूर हा लपवलेला असतो, नसलेला नव्हे. छापताना मात्र यंत्र जे दिसतं तेवढंच..."

वहिनी मान डोलवत होत्या. डोळे पुसत म्हणाल्या, "माझ्या लक्षात यायला हवं होतं, भाऊजी."

"नाही, तसं नाही. छपाईसाठी वेगळा नियम लिहावा लागतो, आणि तो..."

दादा पडल्या पडल्या म्हणाला, "अगं, तो म्हणतोय की चूक त्याची आहे."

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं.

मी म्हटलं, "हो. पाणी एवढा एकच शब्द मी ठेवला. सिस्टर 'मोजून' म्हणत होत्या, मी ऐकलं नाही. एक बाई पत्र लिहून सांगत होती, तिला उद्धट उत्तर दिलं. तुम्ही कागदावर होतं तसंच केलंत. त्या कागदावरून कुणीही तेच केलं असतं."

वहिनी रडल्या, पण आता वेगळं रडल्या. मग म्हणाल्या, "मला वाटायचं, हे तोंड वाकडं करतात ते यांना कळत नाही म्हणून. आणि मी बळेच पाजायची."

"मला कळत होतं," दादा म्हणाला. "पण तुला नाही म्हणायची सवय आहे का मला?" मग माझ्याकडे वळून, "आणि तू. मुद्रितं तपासल्याशिवाय छापायला सोडलंस. माझ्याकडे असतास तर दिवसाचा पगार कापला असता."

"कागद नाही तो," असं तोंडाशी आलं होतं. बोललो नाही.

वहिनींनी पेला घेतला, सिस्टरनी केलेल्या खुणेपर्यंत भरला, नजरेसमोर धरून पाहिला आणि त्याला दिला.

२८ मार्च

नवी घडी सगळ्यांसाठी ठेवली. फुकट. पण जुन्या प्रती जगभर पसरल्या आहेत, त्या माझ्या हाकेने परत येणार नाहीत. म्हणून घडीच्या पानावर सगळ्यात वर, न मिटणाऱ्या अक्षरांत लिहिलं: "जुन्या घडीतून छापल्यास मिटलेला मजकूर कागदावर येत नाही. यामुळे एका रुग्णाला अपाय झाला. नवी प्रत घ्यावी. आधी छापलेले कागद तपासावेत. चूक माझी आहे." शेवटचं वाक्य लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं.

ग्रंथपाल बाईंना पत्र लिहिलं. त्यांचं उत्तर आलं: "सभासदांचे कागद गोळा करायला लागले आहे. काहीजण पुस्तकांत खूण म्हणून घालतात, त्यामुळे वेळ लागेल." उद्धट उत्तराबद्दल एक अक्षर नाही.

३० मार्च

इस्त्रीवाला आला. या वेळी बूट वाचवले नाहीत, घाईत होता.

"सर, हे काय लिहून ठेवलंत? अपाय! आमच्या वकिलांनी वाचलंय."

"खरं आहे ते."

"खरं असेल हो. पण छपाईची सोय ही मोठी गोष्ट झाली. बँकांना हवीच असते. ती विकतच्या आवृत्तीत ठेवू. फुकटची जुनी आहे तशीच राहू दे. आणि तो इशारा आजच्या आज काढा. आकडा तोच ठेवतो आम्ही, एवढं होऊनही."

"जुनी तशीच राहू द्यायची? मजकूर गाळणारी?"

"सर, फुकट घेणाऱ्याने तक्रार करू नये."

महिनाभरापूर्वी हे वाक्य मीही असंच म्हटलं असतं, आणि हिला वाचून दाखवलं असतं. उद्या कळवतो म्हटलं.

घरी सांगितलं. ही ऐकत होती. म्हटलं, "तुझे गुडघे आहेत." म्हणाली, "आहेत ना. मी कुठे म्हणते नाहीत?" मग ताटं उचलताना, "कुठल्यातरी घरात अजून तसला कागद फ्रीजवर असेल. मला तळमजल्यावर झोप नाही लागायची." आणि लगेच, "जिन्याला तिसऱ्या मजल्यापर्यंत दुसऱ्या बाजूनेही कठडा करून द्या. गेली चार वर्षं सांगतेय."

३१ मार्च

जिन्याचं माप घेतलं. पाइप सांगून आलो.

कंपनीला लेखी कळवलं. त्यांचं म्हणणं असं होतं: घडीचे सगळे हक्क त्यांना द्यायचे, नवी प्रत विकत, जुनी होती तशी फुकट, इशारा काढायचा. मी नाही म्हटलं. नाकारलेली रक्कम अठरा लाख, एकरकमी.